दोन घरं, एक भिंत

आपण फ्लॅटवाले एका भिंतीला दोन संसार लावून राहतो, पण शेगावच्या जुन्या वस्तीत हे आधीपासून होतं. अमेरिकेतल्या 1861-65 च्या यादवीत वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली; व्यापारी घरं वाढली. 1878 साली गजानन महाराज ज्यांच्याकडे राहिले, ते बंकटलाल अशाच एका घरचे.

चौकातल्या जोडघरांत मधली भिंत एकच. दगडमातीची, चांगली जाड. दोन्हीकडच्या सागवानी तुळया तिच्यातच शिरलेल्या. कोनाडेही तिच्यातच, पण पाठीला पाठ येऊ देत नसत, नाहीतर भिंत पोकळ! वर धाबं, पावसाळ्याआधी त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर. पन्हळ मात्र ज्याची त्याने आपल्याच बाजूला सोडायची. भांडणं व्हायची ती यावरूनच.

आता एक घर विकलं जातं, जेसीबी येतो, आणि शेजाऱ्याची भिंत उघडी पडते. पहिल्याच पावसात माती फुगते, तुळई खाली बसते. पाडण्याआधी शेजारच्या तुळयांना टेकू आणि पाडल्यावर लगेच गिलावा, एवढं केलं तर घर वाचतं. गावात ज्यांचं वडिलोपार्जित जोडघर आहे, त्यांनी तुळयांची मापं आणि फोटो आत्ताच काढून ठेवा. खरेदीखतात नुसतं ‘सामायिक भिंत’ लिहिलेलं असतं; कोणाची तुळई किती आत गेलीय, ते नसतं.