दाजींची डॉज



दाजींची डॉज विकायची ठरल्यापासून नातेवाइकांचे दोन प्रश्न सतत येत आहेत. सत्तर वर्षं जुन्या लोखंडाला एवढी किंमत कोण देतं? आणि घरची वस्तू विकायची कशाला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं आहे आणि दाजींच्या माघारी गाडी तिच्या नावावर आहे. पहिल्याचं उत्तर मात्र इतिहासात आहे आणि चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला ते सांगण्याचा मोह आवरत नाही.

गाडी डॉज किंग्जवे, १९५० सालची. गावात सगळे तिला 'अमेरिकन गाडी' म्हणतात, पण ती जोडली गेली मुंबईत, कुर्ल्याला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी मोटारींचा कारखाना काढायचं मनावर घेतलं होतं. फोर्डशी त्यांचं जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने या कारखान्याला हवा तो पाठिंबा दिला नाही. विमानं आणि जहाजं बांधायला निघालेल्या या माणसाला मोटारीसाठी तिष्ठत बसावं लागलं! शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. सुटे भाग पेट्यांतून अमेरिकेहून यायचे, जोडणी आपल्या कामगारांची.

गंमत म्हणजे ही डॉज खरी डॉजही नाही. मुळात ती प्लिमथ. परदेशांत विकण्यासाठी क्रायस्लर कंपनी तिलाच कुठे डॉज किंग्जवे तर कुठे डिसोटो डिप्लोमॅट म्हणून विकायची. नाव बदललं, बॉनेटवर डॉजचा मेंढा बसला, की झाली वेगळी गाडी. बारशाला नाव ठेवतात एक आणि हाक मारतात दुसरी, तसलाच प्रकार. आत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर.

त्या काळी या एकट्याच नव्हत्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शेव्हर्ले जोडत होता, फोर्डही मुंबईत होती. १९५३ साली केंद्र सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायला लागा. या दोन्ही कंपन्यांनी लवकरच गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, पण पुढे तिची ओळख झाली ती लहानखुऱ्या फियाटची. मोठ्या अमेरिकन गाड्या आहेत त्याच वापरायच्या, अशी वेळ आली.

आणि १९७३ साली तेलाचे भाव भडकले. गॅलनवर चार घरं लांब जाणारी गाडी (हा दाजींचाच विनोद) कोण चालवणार? मग मिस्त्री लोक पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवू लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ होते, ओतकाम होतं, हुशार हात होते, त्यामुळे न बसणारी वस्तूही बसवून मिळायची. त्या मिस्त्र्यांना मी नावं ठेवणार नाही. डिझेल बसलं म्हणून कितीतरी गाड्या आणखी पंधरा-वीस वर्षं मालकाचं पोट भरत राहिल्या, नाहीतर थेट भंगारात गेल्या असत्या. पण मूळ इंजिनासकट राहिलेली गाडी दुर्मिळ झाली ती याच कारणाने.

दाजी गुळाचे अडते, गाडीवर त्यांचं पोट नव्हतं. तेल महागल्यावर त्यांनी हातकणंगल्याच्या वाड्यातल्या पडवीत ती लाकडी ठोकळ्यांवर चढवली. दर अमावस्येला लिंबू-मिरची बदलायची आणि त्याच दिवशी हँडल मारून इंजिन फिरवायचं, म्हणजे आतून जाम होत नाही. असं कित्येक वर्षं चाललं. वर्षातून दोनदा, जोतिबाला आणि नृसिंहवाडीला जाताना, ती खाली उतरायची. आम्हाला तेव्हा हे खूळ वाटायचं.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांची गोष्ट निराळी. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तिशीच्या दशकात ड्यूसेनबर्ग करवून घेतली. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचं, वरचं अंग लंडनच्या गर्नी नटिंगचं. १९३७ साली ती कंपनीच बंद पडली. होळकरांची गाडी मात्र आज अमेरिकेत उत्तम जपलेली आहे. पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा अनेकांचे मोटारखाने रिकामे होऊ लागले आणि जुन्या गाड्या परदेशी नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. बाहेर गेलेल्या जपल्या गेल्या आणि इथे उरलेल्यांपैकी कित्येक गंजल्या, हे म्हणताना जीभ अडखळते, पण ते पुष्कळसं खरं आहे. आपल्या छत्रपतींची मेबॅक हा अपवाद. ती जर्मन, पण दसऱ्याला अजून दिमाखात निघते.

आता व्यवहाराकडे. गिऱ्हाइकं दोन आली. एकाचा लग्नाच्या वरातीला गाड्या भाड्याने द्यायचा धंदा. तो लाखभर रुपये जास्त देत होता, पण डिझेल इंजिन बसवणार आणि वरचं छप्पर कापून गाडी उघडी करणार, म्हणजे नवरा-नवरी सगळ्यांना दिसतील. दुसरा बेळगावचा, जुन्या गाड्या सांभाळणारा. भाच्याचा कल पहिल्याकडे होता आणि त्यात चूक काही नाही, ऑपरेशनचा आकडा त्यानेच विचारून आणला आहे. मी २०२१ च्या नियमाचा कागद घेऊन बसलो. पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हीए' मालिकेत वेगळी नोंदणी होते, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि धंद्याला वापरायची नाही. माझं व्याख्यान ताईने निम्मंच ऐकलं. "छप्पर कापायचं म्हणतोय न्हवं का त्यो?" एवढंच विचारलं आणि बेळगावला फोन लावायला सांगितला. कमी पडणारे पैसे आम्ही दोघे भाऊ घालतो आहोत. त्यावर आणखी चर्चा नको.

एक काम राहिलंय. मूळ चार व्हीलकॅपपैकी तीनच सापडल्या आहेत. चौथी पूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत तुम्हा पोरांपैकी कुणीतरी खेळायला नेली होती. ज्याच्या माळ्यावर असेल त्याने या रविवारच्या आत हातकणंगल्याला आणून द्यावी, कोणीही रागावणार नाही.