बंगालच्या उपसागरातील वादळी उधाणाचे अनुमान : पाण्याच्या खुणांपासून संगणकीय प्रतिमानापर्यंत

बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी समुद्र जास्तीत जास्त किती चढू शकतो, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात पाणी ओसरल्यानंतरच शोधले जाई. ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री मेघनेच्या मुखाशी, बाकरगंज परिसरात आलेल्या वादळाचा अहवाल जॉन एलियट यांनी सिद्ध केला. त्या आपत्तीत सुमारे १ लाख माणसे बुडाली व जवळपास तितकीच नंतरच्या रोगराईत दगावली, असे मानले जाते. त्या काळी पाण्याच्या उंचीचा पुरावा म्हणजे भिंतींवरील व झाडांवरील खुणा आणि वाचलेल्यांचे कथन. भरतीमापक यंत्रे मोजक्या बंदरांतच होती. आणि सर्वाधिक पाणी बंदराची सोय पाहून चढत नाही.

येथील उधाण इतके विनाशक का, हे भूगोलावरून उमगते. वायुभार १ मिलिबारने घटल्यास पाणी सुमारे १ सेंटीमीटर चढते. अतितीव्र वादळातही हा वाटा मीटरभराच्या आसपासच राहतो. उरलेली चढण वाऱ्याची असते. समुद्र जितका उथळ, तितका वाऱ्याच्या रेट्याचा परिणाम मोठा. उत्तरेकडे हा उपसागर निमुळता होत जातो, तेथील सागरमग्न खंडभूमी रुंद व उथळ आहे आणि भरती-ओहोटीतील अंतरही मोठे आहे. उधाण ऐन भरतीच्या वेळी आले की दोन्ही पातळ्या एकत्र येतात. मात्र उथळ पाण्यात त्यांची साधी बेरीज चालत नाही.

१९५३ मध्ये उत्तर समुद्राच्या पुराने नेदरलँड्समध्ये १८३६ बळी घेतले. त्यानंतर तीन वर्षांनी वॉल्टर हान्सेन यांनी त्या समुद्राच्या पातळीचे गणित संख्यात्मक पद्धतीने मांडले. बंगालच्या उपसागरासाठी असे प्रतिमान येण्यास १२ नोव्हेंबर १९७० चे भोला वादळ घडावे लागले. त्यात किमान ३ लाख माणसे गेली. वादळ येत असल्याचे उपग्रहचित्रांत दिसत होते. कोणत्या किनाऱ्यावर किती पाणी चढेल, हे सांगणारे साधन मात्र नव्हते. पी. के. दास यांचे प्रतिमान १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे एस. के. दुबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ही परंपरा वाढवली आणि ते प्रतिमान भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नित्य वापरात आले. एप्रिल १९९१ च्या चितगाव वादळावर आर. ए. फ्लॅदर यांनी १९९४ मध्ये केलेल्या अभ्यासात भरती व उधाण यांचे गणित एकत्रच मांडलेले आहे.

पूर्वसूचना आणि कमाल पातळीचे अनुमान ही दोन कामे वेगळी मानली पाहिजेत. पहिल्यात एकच वादळ असते. दुसऱ्यात शंभर वर्षांत एखाद्या वेळी येणारी पातळी हवी असते आणि नोंदी तर तुटपुंज्या. म्हणून वायुभार, मार्ग, वेग व विस्तार बदलून असंख्य कल्पित वादळे प्रतिमानातून चालवली जातात. समीकरणे सोडवणे हा यातील अवघड भाग आता उरलेला नाही. वादळाचा मार्ग काही दशक किलोमीटर सरकला तरी सर्वाधिक पाण्याची जागा बदलते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात एरसमा परिसर बुडाला. त्या वादळात सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी त्याच राज्यात सुमारे १० लाख लोक हलवण्यात आले व मृत्यू काही डझनांपुरते राहिले. या फरकाचे श्रेय एकट्या प्रतिमानाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल; निवारे, रस्ते व गावोगावची यंत्रणा यांचा वाटा त्यात मोठा आहे.

मेघनेच्या मुखाशी अडचण आणखी निराळी आहे. तेथे गाळामुळे बेटे झिजतात, नवी उभी राहतात आणि तळाची खोली बदलत जाते. जुन्या नकाशावरील खोली घेऊन काढलेली शतकातली कमाल पातळी आजच्या मुखाला लागू पडेलच असे नाही. तेथे तळाची मोजणी पुनःपुन्हा करावी लागते.