‘बसीनेन्सिस’ : एका शिंपल्याच्या नावाचा इतिहास

झाशीच्या जुन्या तटबंदीतील दतिया, ओरछा व सागर हे दरवाजे परिसरातील गावांची नावे धारण करतात. खंडेराव गेटाचे नाव मात्र मराठी परंपरेतून आले आहे. खंडोबाच्या दैवतनामाशी व मराठी व्यक्तिनामाशी त्याचे नाते उघड आहे. १८५४ साली झाशी संस्थान खालसा झाले. नाव मात्र राहिले. सत्ता ओसरल्यावरही नावात तिचा थर उरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहातील चिठ्ठ्याही वाङ्मयीन अभ्यासाचा विषय ठरतात.

लिंपेट हा भरतीओहोटीच्या पट्ट्यात खडकाला चिकटून राहणारा, टोपीच्या आकाराच्या कवचाचा प्राणी. लिनीअसने १७५८ साली अशा टोपीवजा शिंपल्यांना ‘पटेला’ ह्या एकाच प्रजातीत गोळा केले. पुढे १७७८ साली इग्नाझ फॉन बॉर्न ह्याने व्हिएन्नाच्या राजकीय संग्रहाची सूची सिद्ध करताना ‘पटेला रेडिएटा’ हे नाव दिले. कोकणच्या खडकांवरही आढळणारी ही जाती आज ‘सेलाना’ प्रजातीत गणली जाते. ‘रेडिएटा’ हे विशेषण कवचावरील किरणांसारख्या रेषांचे वर्णन करते. किनाऱ्याविषयी ते काहीच सांगत नाही.

मुंबई बेटाच्या व लगतच्या किनाऱ्यांवरील संग्रहाचा महत्त्वाचा टप्पा १८९३ हा होय. अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी ह्याने गोळा केलेल्या सागरी शिंपल्यांची वर्णनात्मक सूची मँचेस्टरचा शंखशिंपल्यांचा अभ्यासक जेम्स कॉस्मो मेल्व्हिल ह्याने त्या वर्षी प्रसिद्ध केली. तीत ‘सायफोनेरिया बसीनेन्सिस’ हे नाव अवतरले. वसई ह्या मराठी नावाचे पोर्तुगीजांनी ‘बसाईं’ केले, इंग्रजांनी ‘बसीन’, आणि मेल्व्हिलने त्याला लॅटिन प्रत्यय जोडला. १५३४ पासूनची पोर्तुगीज सत्ता, १७३९ मधील चिमाजी अप्पांचा विजय, १८०२ चा तह, ही सारी उलथापालथ पाहिलेल्या गावाचे नाव अशा रीतीने चार भाषांतून प्रवास करून एका शिंपल्यावर स्थिरावले. त्यातील मराठी कालखंडाचा ठसा मात्र नावावर उमटला नाही. इंग्रजीने पोर्तुगीज उच्चाराचाच वारसा चालविला.

सायफोनेरिया हे खरे लिंपेट नव्हेत. त्यांचे कवच लिंपेटसारखे दिसते, परंतु त्यांच्या शरीरात हवेत श्वसन करण्यास उपयुक्त अशी फुफ्फुसवजा पोकळी असते. सारख्या लाटांना व उन्हाला तोंड देताना भिन्न कुळांना सारखा आकार लाभला. कोरड्या कवचांच्या संग्रहात हा भेद सहज झाकला जातो. खडकावरचा प्राणी सावध होण्यापूर्वी सुरीने चटकन उचकटावा लागतो. मग मांस काढून कवच तेवढे ठेवले जाते. टिकाऊ ते जतन होते, निर्णायक ते नाहीसे होते.

मेल्व्हिलचा संग्रह पुढे टॉमलिनच्या हाती गेला आणि अखेरीस कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचला. दरम्यान शास्त्राची गरज बदलली. ब्रूस जेंकिन्स व फ्रँक कोलर ह्यांनी २०२४ साली केलेल्या सायफोनेरियांच्या विस्तृत पुनर्विचारात कवचाबरोबर जननेंद्रियांची रचना व जनुकीय पुरावाही आधाराला घेतला आहे. अशा पुराव्यासाठी जुने कवच अपुरे पडते. मूळ जागी जाऊन नवा नमुना घ्यावा लागतो. म्हणजे चिठ्ठीवरील स्थलनाम हीच संशोधकाची परतीची वाट ठरते.

ह्या चिठ्ठीत संग्राहकाला व बंदराला स्थान आहे. ओहोटीला खडकावरून कालवे काढणाऱ्या किनाऱ्यावरील स्त्रियांच्या शब्दसंपदेला नाही. तरीही ‘बसीनेन्सिस’मधील प्रत्यय आणि दोन परभाषी उच्चार उलगडले की तळाशी ‘वसई’ सापडते. भराव, बांधकाम व सांडपाणी ह्यांनी तेथील खडक पालटत असताना हे उलगडणे केवळ व्युत्पत्तीचे कुतूहल राहत नाही. किनारा नष्ट झाला, तर नावाने दाखविलेल्या वाटेच्या शेवटी पडताळून पाहण्याजोगे काहीच उरणार नाही.