स्मार्टफोनची निवड

स्मार्टफोनची निवड म्हणजे ठरावीक रकमेत फोनच्या कोणत्या गुणांना प्राधान्य द्यावयाचे आणि कोणते सोडावयाचे हे ठरविण्याची प्रक्रिया होय. किंमत, वेग, पडदा, कॅमेरा, बॅटरी, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय आणि सॉफ्टवेअर अद्यतनांचा काळ हे गुण बहुधा एकमेकांशी स्पर्धा करतात. एकाची वाढ झाली की दुसऱ्यात घट होते किंवा किंमत वाढते. त्यामुळे सर्वांसाठी सर्वोत्तम असा एकच फोन नसतो. वापरणाऱ्याची गरज, त्याच्या परिसरातील नेटवर्क व हवामान आणि फोन किती वर्षे वापरावयाचा आहे, यांवर योग्य निवड अवलंबून असते. जाहिरातीत ठळकपणे छापलेले आकडे आणि फोनचा सेवाकाल ठरविणारे घटक पुष्कळदा वेगवेगळे असतात, हा या निवडीतील मुख्य पेच आहे.

पार्श्वभूमी

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि तत्कालीन केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात झाले. त्या काळी फोनकडून केवळ बोलण्याची अपेक्षा होती. २०१६ मध्ये दोन घटनांनी हे चित्र बदलले. त्या वर्षी एकीकृत देयक प्रणाली अर्थात यूपीआय सुरू झाली, आणि ५ सप्टेंबर रोजी रिलायन्स जिओची व्यावसायिक सेवा सुरू होऊन इंटरनेट डेटा स्वस्त झाला. पुढे बँक व्यवहार, शासकीय दाखले, प्रवेशअर्ज, रेल्वेची तिकिटे आणि कामाच्या पाळ्यांची सूचना या सर्व गोष्टी फोनवर आल्या. ज्या घरात संगणक नाही, तेथे स्मार्टफोन हाच एकमेव संगणक असतो. अशा घरात चुकीच्या निवडीची झळ अधिक बसते, कारण फोन बंद पडल्यास पैशाचे व्यवहार आणि अभ्यास दोन्ही अडतात.

मोबाइल फोनवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. महागड्या फोनप्रमाणे स्वस्त फोनवरही हाच दर लागू होतो.

दिघा व नवी मुंबईचा संदर्भ

दिघा हा नवी मुंबई महानगरपालिकेच्या आठ प्रशासकीय विभागांपैकी सर्वांत उत्तरेकडील विभाग आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा, मूळ गावठाण आणि दाट लोकवस्ती असे त्याचे मिश्र स्वरूप आहे. ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यानचे दिघा गाव रेल्वे स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. याच पट्ट्यात दक्षिणेस घणसोली येथे रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आहे.

अशा परिसरात फोन निवडताना काही स्थानिक बाबी महत्त्वाच्या ठरतात. जून ते सप्टेंबर या काळात येथे मुसळधार पाऊस पडतो आणि हवेत दमटपणा असतो. कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये व एकमेकांना खेटून असलेल्या घरांत रेडिओ लहरी क्षीण होतात. पाळीत काम करणाऱ्यास दिवसभर चार्जिंगची सोय मिळेलच असे नसते. म्हणून येथे कॅमेऱ्याच्या आकड्यांपेक्षा पाणीरोधकता, नेटवर्क बँड आणि बॅटरी यांचे मोल अधिक ठरू शकते.

किंमत आणि सेवाकाल

फोनची छापील किंमत आणि त्याचा वार्षिक खर्च या भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणादाखल, १२,००० रुपयांचा एक फोन दोन वर्षे नीट वापरता आला, तर वार्षिक खर्च ६,००० रुपये होतो. १८,००० रुपयांचा दुसरा फोन, मध्यंतरी २,००० रुपयांत बॅटरी बदलून, पाच वर्षे चालला तर वार्षिक खर्च ४,००० रुपये येतो. मात्र हा हिशेब फोन तेवढा काळ टिकेल या गृहीतकावर उभा आहे. फोन चोरीस जाण्याचा किंवा पडून फुटण्याचा धोका मोठा असेल, तर स्वस्त फोनच हितावह ठरू शकतो. तसेच जास्तीचे ६,००० रुपये आज हाती नसतील, तर दीर्घकालीन बचतीचा लाभ घेता येत नाही.

सेवाकाल प्रामुख्याने सुरक्षा अद्यतनांवर अवलंबून असतो. ही अद्यतने थांबल्यावर फोन चालू राहतो, परंतु नव्याने उघड होणाऱ्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत आणि बँकिंगसाठी तो असुरक्षित होत जातो. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अद्यतनांचे आश्वासन दिले. स्वस्त फोनांत हा काळ सहसा कमी असतो. तो फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजला जातो. म्हणून दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत घेताना उरलेली वर्षे मोजावी लागतात.

प्रमुख तडजोडी

प्रोसेसर, रॅम आणि साठवण: रॅम वाढविल्याने एकाच वेळी अधिक ॲप उघडी राहतात, परंतु मंद प्रोसेसरची उणीव त्यातून भरून निघत नाही. जाहिरातीतील ‘आभासी रॅम’ म्हणजे साठवणीचा काही भाग रॅमसारखा वापरणे होय. साठवण ही खऱ्या रॅमपेक्षा पुष्कळ मंद असते. साठवणीचाही प्रकार महत्त्वाचा असतो. ईएमएमसी प्रकारापेक्षा यूएफएस प्रकार वेगवान असल्याने समान जीबी असलेले दोन फोन वेगळे वागतात. काही फोनांत दुसरे सिम आणि मेमरी कार्ड यांसाठी एकच खाच असते. तेथे दोहोंपैकी एकच निवडावे लागते.

पडदा: एलसीडी पडद्यास मागून प्रकाश द्यावा लागतो, तर ॲमोलेड पडद्यावरील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. त्यामुळे ॲमोलेडमध्ये काळा रंग गडद दिसतो. परंतु तो फुटल्यास बदलण्याचा खर्च सामान्यतः एलसीडीपेक्षा अधिक येतो, आणि एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा ठसा उमटण्याची शक्यता असते. रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, ६० वरून १२० केल्यास हालचाल गुळगुळीत दिसते, पण बॅटरी अधिक खर्च होते. उन्हात काम करणाऱ्यास यापेक्षा पडद्याची कमाल प्रखरता उपयोगी पडते.

बॅटरी व चार्जिंग: ५,००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. ती किती वेळ पुरेल हे प्रोसेसर, पडदा आणि नेटवर्कची तीव्रता यांवर ठरते. सिग्नल कमकुवत असल्यास फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि बॅटरी लवकर उतरते. मोठ्या बॅटरीमुळे वजन वाढते. अतिवेगवान चार्जिंगने वेळ वाचतो, परंतु त्यासाठी अनेकदा त्याच कंपनीचा चार्जर लागतो. उष्णतेमुळे लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून तापलेला फोन चार्ज करणे टाळण्याचा सल्ला दिला जातो.

कॅमेरा: मेगापिक्सेलच्या आकड्यावरून छायाचित्राचा दर्जा ठरत नाही. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर सहसा चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतो. अंधूक प्रकाशात सेन्सरचा आकार, भिंग, हात हलल्याचा परिणाम कमी करणारी यंत्रणा आणि चित्रप्रक्रिया निर्णायक ठरतात. स्वस्त फोनांतील २ मेगापिक्सेलचे जादा कॅमेरे संख्या वाढवितात, उपयोग क्वचितच वाढवितात.

फाइव्ह-जी: २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी केवळ जिओने घेतल्या. कमी वारंवारतेच्या या लहरी दूरवर जातात व भिंतींतून अधिक चांगल्या शिरतात, तर ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी वेगवान असूनही त्यांचा पल्ला कमी असतो. त्यामुळे जिओचे ग्राहक एन२८ आणि एन७८ हे दोन्ही बँड असलेला फोन पसंत करू शकतात, तर एअरटेलच्या ग्राहकास एन७८ अधिक महत्त्वाचा ठरतो. खोक्यावरील केवळ ‘फाइव्ह-जी’ या शब्दावरून हा फरक कळत नाही. तो तांत्रिक तपशिलातील बँडच्या यादीतून कळतो.

पाणीरोधकता आणि दुरुस्ती: आयपी क्रमांकातील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. आयपी५४ फोन उडणाऱ्या पाण्यापासून सुरक्षित असतो. आयपी६७ फोन एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरतो, असे चाचणीत तपासलेले असते. ही चाचणी नव्या फोनवर गोड्या पाण्यात होते. फोन जुना झाल्यावर किंवा दुरुस्तीसाठी उघडल्यावर हे संरक्षण कमी होऊ शकते, आणि पाण्याने झालेले नुकसान पुष्कळदा हमीत बसत नाही. शिवाय घट्ट चिकटविलेला फोन उघडणे अवघड असल्याने पाणीरोधकता आणि सुलभ दुरुस्ती यांत ओढाताण असते. मुंबईत डॉ. भडकमकर मार्ग अर्थात लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार आहे. सुटे भाग सहज मिळणारे लोकप्रिय मॉडेल दुरुस्त करून घेणे दुर्मीळ मॉडेलपेक्षा सोपे जाते.

भाषा व सुलभता

आयएस १६३३३ (भाग ३) या भारतीय मानकानुसार फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता येणे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत टंकन करता येणे अपेक्षित आहे. मराठी वापरकर्त्यास दुकानातच ‘ळ’, ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ ही अक्षरे नीट उमटतात का, हे तपासता येते. ज्येष्ठ व दृष्टिबाधित व्यक्तींसाठी अक्षरांचा आकार, आवाजाची पातळी आणि मराठीतून मजकूर वाचून दाखविण्याची सोय हे निकष अग्रक्रमाचे असतात.

केवळ बोलणे आणि किरकोळ देयके एवढीच गरज असल्यास साधा फोनही पर्याय ठरतो. अशा फोनसाठी यूपीआय १२३पे ही सेवा मार्च २०२२ मध्ये सुरू झाली.

हप्ते आणि सवलती

‘विनाव्याज हप्ता’ या योजनेत व्याज सहसा नाहीसे होत नाही. विक्रेता किंवा उत्पादक तेवढी सूट देतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बँकांना आक्षेप कळविला होता. उदाहरणादाखल, १८,००० रुपयांचा फोन वार्षिक १५ टक्के दराने सहा हप्त्यांत, दरमहा ३,००० रुपये देऊन घेतल्यास त्यातील व्याज सुमारे ७६२ रुपये असते. व्याजाएवढी सूट मिळाली, तरी त्या व्याजावरील १८ टक्के कर, म्हणजे सुमारे १३७ रुपये, आणि प्रक्रियाशुल्क ग्राहकास द्यावे लागू शकते. रोख खरेदीवर वेगळी सूट मिळत असेल, तर हप्त्याची खरी किंमत आणखी वाढते.

वापरलेला फोन

वापरलेल्या फोनात त्याच रकमेत वरच्या श्रेणीचा प्रोसेसर व कॅमेरा मिळतो, परंतु बॅटरीची झीज, संपलेली हमी आणि चोरीच्या मालाचा धोका पत्करावा लागतो. प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. तो *#०६# दाबल्यावर दिसतो. हरवलेले व चोरीचे फोन रोखणाऱ्या केंद्रीय उपकरण ओळख नोंदवहीचा पथदर्शी प्रकल्प सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाला. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ संकेतस्थळाद्वारे ही सोय देशभर उपलब्ध झाली. तेथे आयएमईआय तपासून फोनची वैधता पाहता येते. विक्रेत्याने आपले खाते फोनमधून काढले नसल्यास फोन कुलूपबंद राहू शकतो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी तो रीसेट करून पाहणे आणि पावती घेणे आवश्यक मानले जाते.

ग्राहक संरक्षण

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष फोन किंवा नाकारलेली हमी यांबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, तसेच जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येत असल्याने दुसऱ्या राज्यातील ऑनलाइन विक्रेत्याविरुद्धही स्थानिक ठिकाणी दाद मागणे शक्य होते.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनवर ऊर्जेची माहिती देणारे लेबल सक्तीचे झाले आहे. त्यात बॅटरीची टिकाऊ क्षमता, पडण्यास तोंड देण्याची क्षमता आणि दुरुस्तीसुलभतेची श्रेणी दिलेली असते. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले.

निवडीचा क्रम

तुलना सोपी करण्यासाठी प्रथम अनिवार्य गरजा आणि नंतर इच्छा मांडण्याची पद्धत उपयुक्त ठरते. रकमेची कमाल मर्यादा, वापराची अपेक्षित वर्षे, उरलेली सुरक्षा अद्यतने, आपल्या कंपनीचे बँड आणि जवळचे सेवा केंद्र या पाच अटींवर न उतरणारे फोन आधी वगळले जातात. उरलेल्यांत कॅमेरा, पडदा आणि वेग यांची तुलना केली जाते. या क्रमाने मागाहून बदलता न येणारे गुण आधी तपासले जातात. झिजलेली बॅटरी किंवा फुटलेला पडदा पुढे बदलता येतो. नसलेला बँड, अपुरी रॅम किंवा संपलेली अद्यतने खरेदीनंतर मिळविता येत नाहीत.