पेढी बुडते तेव्हा

'दिवाळे' हा शब्द आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. पूर्वीच्या काळी ज्या सावकाराची पत संपे, तो भर दिवसा दुकानापुढे दिवा लावून ठेवी व त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे जुनी माणसे सांगत. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तीत एक मर्म आहे. दिवा लागला की साऱ्या पेठेस एकाच वेळी कळे की या घरात आता पुरेसे धन उरले नाही. मग एकाने आधी धावून सर्व उचलावे आणि दुसऱ्याने रित्या हाताने परतावे, हा प्रकार टळे. दिवाळ्याचा कायदा म्हणजे तरी दुसरे काय? दिवा कोणी लावावयाचा, केव्हा लावावयाचा, आणि तो लागल्यावर उरलेली चीजवस्तू कोणाच्या हाती कोणत्या क्रमाने द्यावयाची, एवढेच तो ठरवितो.

हा विषय मी का निवडला, ते प्रथम सांगतो. मी कायदेपंडित नव्हे. मुलांस इतिहास व अंकगणित शिकविण्यात माझे आयुष्य गेले. आमच्या शाळेत एक वृद्ध शिपाई होता. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सारी रक्कम त्याने एका पतपेढीत ठेविली, आणि पुढे थोड्याच दिवसांत त्या पेढीच्या दाराला कुलूप लागले. भाईंदरच्या स्टेशनवर भेट झाली असता त्याने मला विचारले, "मास्तर, मी कोणाला कर्ज दिले नव्हते. सांभाळायला पैसे दिले होते. मग ते बुडाले कसे?" त्या वेळी मला नीटसे उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

या उत्तरासाठी आपणांस सुमारे एकशेसाठ वर्षे मागे गेले पाहिजे. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण ह्या दोन पक्षांत यादवी सुरू झाली. दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळविले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. गुजरातेतून कापूस आणणारा लोहमार्ग १८६४ साली आमच्या ह्याच वसईच्या खाडीवरून ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोचला. त्या चारपाच वर्षांत नेहमीच्या मोबदल्याहून सुमारे आठ कोटी दहा लक्ष पौंड अधिक रक्कम मुंबईच्या पदरात पडली, असा हिशेब सर दिनशा वाच्छा यांनी नंतर मांडला आहे.

इतका पैसा आला, पण तो ठेवावयाचा कोठे? तेव्हा कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशने, ८ जमीन कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यांतील फायनान्शियल असोसिएशन ह्या नावाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. ह्या संस्था साध्या बँका नव्हेत. लोकांकडून भांडवल घ्यावयाचे, त्यातून नव्या कंपन्या उभ्या करावयाच्या, त्यांचे शेअर विकावयाचे, आणि त्याच शेअरांच्या तारणावर पुन्हा कर्ज द्यावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. आज ज्यांस गुंतवणूक बँका म्हणतात, त्यांची ही मुंबईतील पूर्वज मंडळी होत. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. ह्या सर्व व्यवहाराच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे होते. आपल्या मातोश्रींच्या नावाने विद्यापीठास मनोरा देणारे हेच ते गृहस्थ.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. पुढच्या तारखेचे शेकडो सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाचे होते. तो दिवस उजाडला, आणि देणारा कोणीच नाही असे दिसून आले. प्रत्येकाचे पैसे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे. साखळीची एक कडी तुटताच सारी साखळी गळून पडली.

आता कायद्याची त्या वेळची स्थिती पाहू. मुंबई इलाख्याच्या राजधानीत नादारीचे न्यायालय होते व त्याचा कायदा १८४८ सालचा होता. पण तो एकेकट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने केलेला. कंपन्यांचा पहिला महत्त्वाचा कायदा १८५७ सालचा. त्यात मर्यादित जबाबदारीची सवलत होती, परंतु बँकांस ती नव्हती. बँकांस ती १८६० साली मिळाली. म्हणजे बँक बुडाली तर भागीदाराने आपल्या शेअरापुरतेच देणे लागावे, ही मुभा बाजाराचे वेड सुरू होण्याच्या अगदी तोंडावर दिली गेली. तिचाही एक काटा होता. बहुतेक शेअरांची पुरी किंमत भरलेली नसे. कंपनी मोडली म्हणजे अवसायक उरलेली रक्कम भागीदारांकडून मागे. ज्याने शंभर भरून हजाराचा शेअर घेतला होता, त्याच्या दारी नऊशेची मागणी येऊन उभी राही. अशा रीतीने एका कंपनीच्या दिवाळ्यातून शंभर घरांची दिवाळी निघत, हा 'दिवाळी' सणाचा नव्हे, बरे!

सरकारने काय केले? १८६५ सालीच मुंबई सरकारने पैजेच्या करारांसंबंधीचा कायदा अधिक कडक केला. केवळ भावातील फरकावर खेळलेले सौदे व त्यांच्या पाठीशी दिलेली हमी न्यायालयात वसूल होऊ नये, हा त्याचा हेतू. आणि १८६६ साली कंपन्यांचा नवा कायदा आला. कंपनी मोडावयाची कशी, अवसायक कोणी नेमावयाचा, धनकोंचे हिशेब कसे तपासावयाचे, ह्याची व्यवस्था त्यात एकत्र करण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड गर्नी ही मातब्बर पेढी बुडाली, तिचा धक्का येथवर पोहोचला, आणि ज्या संस्था कशाबशा तग धरून होत्या त्यांतील पुष्कळशा कोसळल्या.

सर्वांत मोठा आघात अजून व्हावयाचा होता. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही निमसरकारी बँक. तिच्यात सरकारचे भाग होते व सरकारने नेमलेले संचालकही होते. परंतु १८६३ च्या कायद्याने तिची जुनी बंधने सैल करण्यात आली व तिने शेअरांच्या तारणावर बेसुमार कर्जे दिली. तिचा जो शेअर एकदा २८५० रुपयांस विकला गेला, तो पुढे ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ही बँक मोडीत काढावी लागली. सुमारे दोन कोटींच्या भांडवलाचा बहुतेक भाग नाहीसा झाला. सरकारने चौकशी आयोग नेमला. सैल केलेला कायदा, अधिकाऱ्यांनी केलेला अधिकाराचा दुरुपयोग आणि संचालकांची बेपर्वाई, ही कारणे त्याने दाखविली. कारणे कळली, गेलेले परत आले नाही.

आता आपण त्या शिपायाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. मनूने पहिले पद 'ऋणादान' व दुसरे 'निक्षेप' असे दिले आहे. ऋण म्हणजे दिलेले कर्ज, निक्षेप म्हणजे सांभाळावयास ठेविलेली वस्तू. दोन्ही निरनिराळी पदे आहेत, ह्यातच सारे आले. आपण सोनाराकडे बांगड्या घडविण्यास सोने दिले व सोनाराचे दिवाळे निघाले, तर ते सोने त्याच्या धनकोंचे होत नाही. ते आपले आहे, आपणांस परत मिळाले पाहिजे. पण त्याच सोनाराला आपण शंभर रुपये उसने दिले असतील, तर इतर धनकोंबरोबर रांगेत उभे राहिले पाहिजे. आता बँकेतील ठेव ह्या दोहोंपैकी कोणती? 'ठेव' हा शब्द निक्षेपाचा, पण कायद्याच्या दृष्टीने ती ऋण आहे. आपण बँकेस पैसे उसने देतो, व ती ते आपले म्हणून वापरते. माझ्या शिपायाची फसगत शब्दाने केली होती.

गुंतवणूक बँकांच्या बाबतीत हा भेद अधिकच नाजूक होतो. कारण त्यांच्याजवळ ग्राहकांचे रोखे व पैसा निक्षेप म्हणूनही असतो, आणि त्यांचे स्वतःचे कर्जही असते. दोहोंची सरमिसळ झाली की दिवाळ्याच्या दिवशी कोणाचे काय हे ठरविणे महाकठीण. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कची लीमन ब्रदर्स ही पेढी बुडाली तेव्हा हेच झाले. विधिघटना अशी की, ह्या पेढीचा उगमही कापसातच होता; अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा प्रांतात १८५० साली ती ह्या नावाने उभी राहिली, ती कापसाच्या व्यापारावर. तिच्या लंडनच्या शाखेत ग्राहकांचा पैसा कोणता व पेढीचा कोणता, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. त्या अनुभवानंतर इंग्लंडने २०११ साली गुंतवणूक बँकांसाठी खास नियम केले. त्यांनुसार नेमलेल्या प्रशासकापुढे तीन उद्दिष्टे ठेविली आहेत : ग्राहकांची मालमत्ता शक्य तितक्या लवकर परत करणे; शेअरबाजार व सरकारी अधिकारी यांच्याशी वेळेवर संबंध साधणे; आणि पेढी वाचविणे किंवा धनकोंच्या हिताच्या दृष्टीने ती मोडणे. निक्षेप आणि ऋण वेगळे ठेवावे, हीच ती जुनी गोष्ट नव्या भाषेत आली.

आपल्याकडे काय झाले? २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली, परंतु वित्तीय संस्था तिच्या नेहमीच्या मार्गातून वगळलेल्या होत्या. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे विधेयक संसदेत मांडले गेले. ठेवीदारांच्या ठेवींवर गदा येईल अशी भीती देशभर पसरली, आणि २०१८ साली ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी मुंबईची आयएल अँड एफएस ही संस्था देणी चुकवू लागली. ९० हजार कोटींहून अधिक कर्ज व तीनशेहून अधिक उपकंपन्या असा तिचा पसारा. पण तिच्यासाठी योग्य असा कायदाच नव्हता. म्हणून १ ऑक्टोबर २०१८ रोजी कंपनी कायद्याच्या आधारे न्यायाधिकरणाकडून जुने संचालक मंडळ दूर करून सरकारने नवे नेमले. १८६५ साली मुंबईने जे अनुभवले त्याचेच हे प्रतिबिंब : घटना आधी, कायदा मागाहून.

१५ नोव्हेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वित्तीय संस्थांसाठी नियम केले. त्यांतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, अशा संस्थेविरुद्ध अर्ज कोणाही धनकोने करावयाचा नाही; तो तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानेच करावयाचा. दिवा कोणी लावावयाचा, ह्या प्रश्नाचे हे उत्तर. दुसरी, अर्ज दाखल होताच वसुलीची धावाधाव थांबते. तिसरी, संस्थेकडे दुसऱ्याची म्हणून ठेविलेली मालमत्ता ह्या स्थगितीत सापडत नाही. मनूचे दुसरे पद येथे पुन्हा भेटते! ह्या नियमांखाली पहिली संस्था आली ती मुंबईचीच, घरकर्जे देणारी दिवाण हाउसिंग फायनान्स. डिसेंबर २०१९ मध्ये तिचे प्रकरण दाखल करून घेण्यात आले, २०२१ साली ती दुसऱ्या समूहाकडे गेली. परंतु तिच्या मोठ्या ठेवीदारांस पूर्ण रक्कम मिळाली नाही.

सामान्य बँकेच्या ठेवीदारास मात्र एक आधार आहे, तो ठेव विम्याचा. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलई सेंट्रल बँक बुडाल्या. त्यानंतर १९६२ पासून हा विमा सुरू झाला. आरंभी त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती. २०२० पासून ती पाच लक्ष झाली. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले व खातेदारांस आरंभी अवघे एक हजार रुपये काढता येऊ लागले, त्या वेळचे हाल आमच्या ह्या बाजूच्या पुष्कळ कुटुंबांस आठवत असतील. पुढे २०२१ साली, निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी, अशी तरतूद झाली. पण हा विमा बँकांतील ठेवींचा आहे; प्रत्येक पतपेढीस किंवा वित्तसंस्थेस तो लागू नाही.

म्हणून श्रोतेहो, पैसा कोठेही ठेवताना तीन प्रश्न विचारावेत. मी हे उसने देत आहे की सांभाळावयास? ही संस्था बुडाली तर दिवा कोण लावील? आणि रांगेत माझी जागा कितवी? उत्तरे लेखी मागावीत, तोंडी नव्हेत. माझ्या शिपायास हे कोणी आधी सांगितले असते, तर त्याचे पैसे कदाचित वाचले असते. वर्गात इतक्या वर्षांत मी मुलांस सरळ व्याज व चक्रवाढ व्याज शिकविले. हे तीन प्रश्न मात्र शिकविले नाहीत. ती चूक आज आपल्यापुढे थोडीशी भरून काढीत आहे.