औषधांना दाद न देणारा टीबी : निदान दोन तासांत आणि उपचार सहा महिन्यांत, मग अडचण कुठे आहे?

'टीबी पूर्ण बरा होतो' हे वाक्य सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर हमखास दिसतं. ते खरंही आहे. पण त्यात एक अट आहे. रुग्णाच्या शरीरातल्या जंतूंवर ज्या औषधांचा परिणाम होतो, तीच औषधं त्याला मिळायला हवीत.

ही अट जिथे मोडते, तिथे ड्रग-रेझिस्टंट टीबी, म्हणजे औषधांना दाद न देणारा क्षयरोग सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ४ लाख लोकांना असा टीबी झाला. त्यातले २७ टक्के रुग्ण भारतातले होते. आणि या ४ लाखांपैकी योग्य उपचार सुरू झाले फक्त सुमारे १ लाख ७६ हजार जणांवर, म्हणजे निम्म्यांहूनही कमी लोकांवर.

गेल्या पंधरा वर्षांत या आजाराचं निदान आणि उपचार या दोन्हींमध्ये मोठे बदल झाले आहेत. ते कोणते आणि तरीही डॉक्टरांना चिंता कशाची आहे, हे समजून घेऊया.

ड्रग-रेझिस्टंट टीबी म्हणजे नेमकं काय?

साध्या टीबीवर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशा चार औषधांनी उपचार सुरू होतात. हा कोर्स सहा महिन्यांचा असतो.

यातली सगळ्यांत प्रभावी दोन औषधं म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. या दोन्हींना जंतू दाद देत नसतील, तर त्याला एमडीआर टीबी म्हणतात.

त्यापुढे लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन या गटातली औषधंही चालेनाशी झाली, तर तो प्री-एक्सडीआर टीबी. आणि याशिवाय बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांपैकी किमान एक औषधही निकामी ठरलं, तर तो एक्सडीआर टीबी. या व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये बदलून लागू केल्या.

जंतू औषधाला जुमानेनासे का होतात?

टीबीचे जंतू वाढताना त्यांच्या जनुकांमध्ये अधूनमधून आपोआप चुका होत असतात. त्यातली एखादी चूक जंतूच्या फायद्याची ठरते. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू साधारण दहा कोटींत एक असतो. आयसोनियाझिडच्या बाबतीत हे प्रमाण दहा लाखांत एक इतकं आहे.

फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात. अशा वेळी एकच औषध दिलं, तर बाकीचे मरतात आणि दाद न देणारे तेवढे उरतात. मग तेच वाढतात. म्हणूनच टीबीवर कधीही एकटं औषध दिलं जात नाही. दोन्ही औषधांना एकाच वेळी चकवणारा जंतू सापडण्याची शक्यता या दोन आकड्यांच्या गुणाकाराइतकी कमी होते.

हा धडा फार पूर्वी मिळाला होता. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण आधी झपाट्याने सुधारले आणि नंतर त्यांच्यापैकी अनेकांमध्ये औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. तेव्हापासून औषधं जोडीनं देण्याची पद्धत आली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'गोळ्या मध्येच सोडल्या म्हणून असा टीबी झाला' असं रुग्णाला सर्रास ऐकवलं जातं. पण हे जंतू हवेतून थेट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. २०१४ ते २०१६ दरम्यान भारतात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६२ टक्के जणांना एमडीआर टीबी आढळला. पण ज्यांनी आधी टीबीची गोळी घेतलेलीच नव्हती, अशा नव्या रुग्णांमध्येही हे प्रमाण २.८४ टक्के होतं. त्यांचा यात काहीच दोष नव्हता.

मुंबईत काय दिसून आलं होतं?

२०११च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या सगळ्याच औषधांना त्यांचे जंतू दाद देत नव्हते. डॉक्टरांनी वापरलेल्या 'टोटली ड्रग-रेझिस्टंट' या शब्दावरून मोठा वाद झाला. केंद्र सरकारनं हा शब्द मान्य केला नाही. पण प्रश्न किती गंभीर आहे, हे जगासमोर आलं. २०१२ मध्येच खासगी डॉक्टरांनाही टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक झालं.

त्याआधी २०१० मध्ये याच डॉक्टरांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. धारावी परिसरातल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीसाठी प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगण्यात आलं. त्यांनी मिळून ६३ वेगवेगळ्या पद्धतीचे उपचार लिहिले. योग्य प्रिस्क्रिप्शन फक्त सहा जणांचं होतं.

म्हणजे प्रश्न दुहेरी होता. कुठली औषधं चालतील हे कळायला वेळ लागत होता आणि तोवर अंदाजानं दिलेली औषधं जंतूंना आणखी बळ देत होती.

आठवड्यांची चाचणी दोन तासांवर कशी आली?

टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. त्याला एकाचे दोन व्हायला साधारण १८ ते २४ तास लागतात. त्यामुळे प्रयोगशाळेत जंतू वाढवून त्यांच्यावर औषध वापरून पाहायचं, तर निकालाला कित्येक आठवडे लागतात.

सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासणं स्वस्त आहे. पण त्यासाठी एक मिलिलिटर नमुन्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. शिवाय जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे त्यात दिसत नाही.

हे चित्र जीन-एक्स्पर्ट या यंत्रानं बदललं. ते जंतू वाढवण्याची वाट पाहत नाही. ते थुंकीतल्या जंतूंचं जनुकच तपासतं. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमध्ये बदल एकाच ठिकाणी असतात, आरपीओबी नावाच्या जनुकातल्या अवघ्या ८१ 'अक्षरां'च्या पट्ट्यात. यंत्र तेवढाच पट्टा वाचतं आणि दोन तासांच्या आत उत्तर देतं.

२०१० मध्ये पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारतातल्या १,७३० रुग्णांवरच्या अभ्यासात या चाचणीची क्षमता सिद्ध झाली. त्यातलं भारतातलं केंद्र मुंबईत होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या चाचणीला मान्यता दिली.

पण हे यंत्र वीज आणि थंडावा मागतं. ग्रामीण दवाखान्यात या दोन्हींची खात्री नसते. त्यावरचं उत्तर गोव्यातून आलं. तिथल्या मोलबायो कंपनीचं 'ट्रूनॅट' हे यंत्र बॅटरीवर चालतं आणि छोट्या चिपवर तपासणी करतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचीही शिफारस केली.

या चाचण्यांना सगळंच कळतं का?

नाही. या यंत्रांना जिथे बघायला सांगितलंय, तिथेच ती बघतात.

आफ्रिकेतल्या एस्वातिनी या देशाचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या सर्वेक्षणातल्या एमडीआर जंतूंपैकी ३० टक्क्यांमध्ये रिफॅम्पिसिनला निकामी करणारा बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. त्यामुळे जीन-एक्स्पर्टला तो दिसतच नव्हता. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

शिवाय रिफॅम्पिसिन चालत नाही एवढंच कळणं पुरेसं नाही. मग काय चालेल, हेही कळावं लागतं. त्यासाठी लाइन प्रोब असे ही चाचणी आणि जंतू वाढवून केलेली तपासणी अजूनही लागते. जंतूच्या अनेक जनुकांचं एकाच वेळी वाचन करणारी सिक्वेन्सिंग चाचणीही आता शिफारशीत आहे. पण ती मोठ्या प्रयोगशाळांपुरतीच आहे.

दोन वर्षांचे उपचार सहा महिन्यांवर कसे आले?

जुन्या पद्धतीत एमडीआर टीबीचा रुग्ण १८ ते २४ महिने औषधं घ्यायचा. त्यात हजारो गोळ्या आणि कित्येक महिने रोज इंजेक्शन असायचं. कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांमुळे अनेकांची ऐकण्याची क्षमता कायमची गेली. एवढं सोसूनही बरं होण्याची खात्री नव्हती.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांनंतर टीबीसाठी नव्या प्रकारचं औषध आलं होतं. जंतूला ऊर्जा तयार करण्यासाठी लागणारी यंत्रणाच ते बंद पाडतं.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांवर 'निक्स-टीबी' ही चाचणी झाली. एक्सडीआर टीबी झालेल्या किंवा इतर उपचारांना यश न आलेल्या या रुग्णांना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड ही तीनच औषधं देण्यात आली. मुदत होती साधारण सहा महिने. ९० टक्के रुग्णांमध्ये उपचार यशस्वी ठरले.

याची किंमतही होती. लिनेझोलिडच्या मोठ्या डोसमुळे ८१ टक्के रुग्णांना हातापायांत मुंग्या, बधिरपणा असा मज्जातंतूंचा त्रास झाला. पुढच्या 'झेनिक्स' चाचणीत डोस १,२०० वरून ६०० मिलिग्रॅमवर आणला. सहा महिने हा कमी डोस घेतलेल्यांमध्ये त्रासाचं प्रमाण २४ टक्क्यांवर आलं, तरी यशाचं प्रमाण ९१ टक्के राहिलं.

उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या 'टीबी-प्रॅक्टिकल' चाचणीत या तिघांना मॉक्सिफ्लॉक्सासिनची जोड दिली. नव्या पद्धतीत ८९ टक्के रुग्णांमध्ये चांगला परिणाम दिसला. जुन्या पद्धतीत तो ५२ टक्के होता.

या चार औषधांच्या पद्धतीला 'बीपाल-एम' म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारनं तिला मान्यता दिली.

ती प्रत्येकाला मात्र चालत नाही. १४ वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि मेंदूच्या किंवा हाडांच्या टीबीचे रुग्ण यांच्यासाठी वेगळे उपचार असतात.

औषध आवाक्यात कसं आलं?

बेडाक्विलिनचं मूळ पेटंट २०२३च्या जुलैमध्ये संपणार होतं. कंपनीनं औषधाच्या एका क्षारावर आणखी एक पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

त्याला हरकत घेणाऱ्या दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या होत्या. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघींचंही ऐकू येणं टीबीच्या औषधांच्या दुष्परिणामामुळे गेलं होतं. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला आणि जेनेरिक औषधाची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी जागतिक खरेदी यंत्रणेमार्फत मिळणाऱ्या सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनची किंमत १३० डॉलरपर्यंत खाली आली.

मग आता अडचण काय आहे?

अडचण अशी की, नवं औषध चाचणीच्या पुढे निघून गेलं आहे.

बेडाक्विलिनलाही जंतू दाद देईनासे होऊ लागले आहेत. मोझांबिकमधल्या एका अभ्यासात रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंपैकी २०१६ मध्ये ३ टक्के बेडाक्विलिनलाही दाद देत नव्हते. २०२१ मध्ये हे प्रमाण १४ टक्क्यांवर गेलं.

दवाखान्यातल्या दोन तासांच्या चाचणीत हे कळत नाही. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत बदल एका छोट्या पट्ट्यात सापडतात. बेडाक्विलिनच्या बाबतीत आरव्ही०६७८ या जनुकात ते कुठेही असू शकतात. त्यामुळे एक ठरावीक जागा बघणारी सोपी चाचणी बनवणं कठीण आहे. जंतू वाढवून पाहणं किंवा सिक्वेन्सिंग हेच पर्याय उरतात आणि दोन्ही हळू किंवा महाग आहेत.

बेडाक्विलिन शरीरातून जायलाही अनेक महिने घेतं. रुग्णानं उपचार मध्येच सोडले, तर बाकीची औषधं लवकर निघून जातात आणि बेडाक्विलिन कमी प्रमाणात एकटंच मागे उरतं. म्हणजे १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिननं दाखवलेला धोका पुन्हा उभा राहतो.

म्हणून संशोधकांचा भर आता दोन गोष्टींवर आहे. सिक्वेन्सिंग जिल्हा पातळीपर्यंत पोहोचवणं आणि बेडाक्विलिन निकामी ठरलं तर हाताशी दुसरं औषध असावं, यासाठी नवी औषधं तपासणं.

रुग्णांनी आणि घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा थुंकीतून रक्त अशी लक्षणं असतील, तर थुंकीची जनुकीय चाचणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

टीबी निघाला, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : 'रिफॅम्पिसिन चालतंय का, हे तपासलं का?' आणि ते चालत नसेल, तर पुढच्या औषधांची तपासणी कुठे पाठवली आहे, तेही विचारा.

उपचार सुरू असताना ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. बेडाक्विलिनचा हृदयाच्या ठोक्यांवर आणि लिनेझोलिडचा रक्तपेशी, नसा आणि डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. हातापायांना मुंग्या आल्या किंवा धूसर दिसू लागलं, तर गोळ्या स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो.

निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणारे, पण सरकारकडे नोंद झालेले रुग्णही त्यासाठी पात्र असतात. माहितीसाठी निक्षय हेल्पलाइनचा टोल फ्री क्रमांक आहे १८००-११-६६६६.

आणि घरातल्या एकाला असा टीबी झाला असेल, तर बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. हा जंतू कुणाची चूक शोधत येत नाही. तो एकाच खोलीत, त्याच हवेत श्वास घेणाऱ्या कुणालाही गाठू शकतो.