‘सी-ए-टी’, हिज्जे आणि अर्थ

आपल्याकडच्या कित्येक मुलांचे पहिले वाचन शाळेत होत नाही, मकतबात होते. चार-पाच वर्षांचे पोर टोपी घालून रेहलपुढे बसते आणि कायद्यातल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणू लागते : बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु. याला आपण हिज्जे म्हणतो. पुढे हिज्जे सुटतात, रवानी येते, पोर सिपाऱ्यावर जाते. हल्ली याच पोराच्या शाळेच्या दप्तरात फोनिक्सचे रंगीत पुस्तक असते. पालकांना वाटते, इंग्रजी शिकवण्याची ही काहीतरी अगदी नवी पद्धत निघाली आहे. ती नवी नाही. तिच्यामागे साडेतीनशे वर्षांहून जुना वाद आहे, आणि तो समजून घ्यायला मकतबातून आलेला माणूस इतरांपेक्षा जास्त तयार असतो, असे माझे मत आहे.

१६५५ साली फ्रान्समधल्या पोर्ट-रॉयल मठात जॅकलिन पास्काल मुलींना वाचायला शिकवत होती. तिचा भाऊ ब्लेझ पास्काल, तोच गणिती, याने वाचन शिकवण्याची एक युक्ती काढली होती. तिने पत्र लिहून त्याच्याकडे तिचा खुलासा मागितला. पुढे १६६० मध्ये पोर्ट-रॉयलचे व्याकरण छापले गेले, त्यात या युक्तीवर एक प्रकरणच आहे. युक्ती साधी होती : मुलाला व्यंजनाचे नाव सांगू नका, त्याचा आवाज सांगा.

मराठी वाचकाला यात विशेष वाटणार नाही, कारण आपल्या ‘क’चे नाव ‘क’ आणि आवाजही ‘क’. इंग्रजीत तसे नाही. सी, ए, टी ही तीन नावे भराभर म्हटली तर ‘सीएटी’ होईल, ‘कॅट’ कुठून येणार? उर्दू-अरबीतही अक्षराला वेगळे नाव आहे, बे, जीम, लाम. पण हिज्जे करणारे मूल नावावर थांबत नाही, प्रत्येक वेळी शेवटी आवाज म्हणून दाखवते. आणि काही सूरांच्या आरंभी येणारी सुटी अक्षरे, जी नावानेच वाचायची असतात, त्यांचा धडा कायद्यात वेगळा ठेवलेला असतो. नाव कुठे आणि आवाज कुठे, हा फरक आपल्या उस्तादांनी मुळापासून सांभाळला आहे.

इंग्रजीची अडचण मोठी. अक्षरे २६, आवाज सुमारे ४४. तेच ‘सी’ कॅटमध्ये ‘क’ होते, सिटीमध्ये ‘स’. या गोंधळाला कंटाळून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत काहींनी अक्षरांनाच बाजूला सारले. थॉमस गॅलोडेट हे मूकबधिर मुलांच्या शाळेचे पहिले प्रमुख. त्यांच्या विद्यार्थ्यांना आवाजाचा उपयोगच नव्हता, म्हणून अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवणे तिथे योग्यच होते. १८३५ मध्ये त्यांनी ऐकू येणाऱ्या मुलांसाठीही त्याच धर्तीची बालपोथी काढली. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण सचिव होरेस मान यांना ही वाट पटली आणि आपल्या सातव्या वार्षिक अहवालात त्यांनी अक्षरांच्या घोकंपट्टीवर कडक टीका केली. त्यावर १८४४ मध्ये बॉस्टनच्या ३१ मुख्याध्यापकांनी मिळून उत्तराचे पुस्तकच छापले. सरकारी अहवालाला शाळामास्तरांनी पुस्तक लिहून उत्तर द्यावे, हे दृश्य आज आपल्याकडे कल्पनेतही बसत नाही.

तात्पुरते मान यांच्या बाजूचे लोक जिंकले. १९३० पासून अमेरिकेतल्या लाखो मुलांनी डिक आणि जेन या भावंडांच्या पुस्तकांतून मोजके शब्द पुन्हा पुन्हा पाहून वाचन शिकले. १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी ‘जॉनीला का वाचता येत नाही’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून या पद्धतीवर हल्ला केला, ते तडाखेबंद खपले. १९६७ मध्ये जीन चॉल यांनी पन्नासेक वर्षांचे संशोधन चाळून सांगितले की सुरुवातीला अक्षर-आवाजाचे नाते शिकवलेली मुले पुढे राहतात. त्याच वर्षी केन गुडमन यांनी नेमके उलटे मांडले : वाचन हा संदर्भावरून अंदाज करण्याचा खेळ आहे. या विचाराच्या शिक्षकांना मुलाने ‘घोडा’च्या जागी ‘तट्टू’ वाचले तरी फारसे बिघडत नसे. मकतबात कुणी असा अंदाज करून पाहावा! जेर-जबर बदलली तरी उस्ताद तिथेच थांबवतात.

ब्रिटनमध्ये निकाल फोनिक्सच्या बाजूने लागला, आणि त्याला कारण झाला स्कॉटलंडमधला क्लॅकमॅननशायर हा छोटा जिल्हा. १९९७ पासून तिथल्या सुमारे ३०० मुलांना आवाज जोडत शब्द वाचायला शिकवले आणि सात वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००५ मध्ये निष्कर्ष आले. प्राथमिक शाळा संपताना ही मुले सुटे शब्द वाचण्यात आपल्या वयाच्या ३ वर्षे ६ महिने पुढे होती. बातमी झाली ती याची. २००६ च्या रोझ अहवालानंतर इंग्लंडने हीच पद्धत स्वीकारली आणि २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या अखेरीस प्रत्येक मुलाची चाचणी सुरू केली. तीत ४० शब्द असतात, त्यातले २० बनावट. त्यांना काहीही अर्थ नाही, शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचे चित्र असते. मूल पाठांतर करते की खरेच आवाज जोडते, हे त्यातून कळते.

याच निष्कर्षांतला दुसरा आकडा मात्र मागे राहिला. वाचलेले समजण्यात तीच मुले वयाच्या फक्त साडेतीन महिने पुढे होती. साडेतीन वर्षे आणि साडेतीन महिने.

आपल्याला यात आश्चर्य वाटू नये. रत्नागिरीच्या किंवा बीडच्या मुलासाठी अरबीतला जवळजवळ प्रत्येक शब्द त्या चाचणीतल्या शब्दासारखा आहे. हे बेअदबीने म्हणत नाही. कलामाला अर्थ आहे, अथांग आहे, पण त्या मुलापाशी तो अजून पोहोचलेला नाही, आणि तरी ते मखरज सांभाळून पानेच्या पाने वाचते. अक्षरांची उकल पूर्णपणे शिकवता येते आणि अर्थ तरीही बाहेर राहू शकतो, याचा इतका मोठा पुरावा दुसरा कुठे असेल? १९८६ मध्ये गफ आणि टनमर या अभ्यासकांनी हेच सूत्रात मांडले : वाचन म्हणजे उकल गुणिले भाषेचे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य.

इंग्लंडच्या मुलाच्या घरात दुसरी बाजू आयती असते. त्याने ‘बकेट’चे आवाज जोडले की बादली डोळ्यांपुढे येते, कारण तो शब्द त्याने आईच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेला असतो. फोनिक्सची सारी रचना या गृहीतावर उभी आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, नंतर गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, आणि फोनिक्सही आले. पण आमच्या घरांत दखनी आहे, कोकणी आहे, मराठी आहे, इंग्रजी नाही. तिलावतीचा सवाब अर्थ न कळताही मिळतो, असे आपण मानतो. इंग्रजी पुस्तकाला तशी सवलत नाही.

ओळखीतली चौथीतली एक मुलगी मध्ये धडा वाचून दाखवत होती. काय वाचते! एक शब्द अडखळला नाही, आईच्या चेहऱ्यावर उजेड. मी विचारले, ‘बेटा, म्हातारा बाजारात कशाला गेला होता?’ तिने माझ्याकडे पाहिले, पान उलटून मागे गेली आणि तेच वाक्य पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने, वाचून दाखवले.